हीटर कोण वापरतं पुण्यात?

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक गोल खटका आहे. अर्धा निळा, अर्धा लाल. २०११ साली गाडी घेतली तेव्हापासून तो निळ्याच्या टोकाला मान टाकून पडलेला. लाल बाजू अजून शोरूममधून आणल्यासारखी तुकतुकीत. पाहुण्यांसाठीचा कपबशांचा सेट जसा कपाटात असतो, तसा पुणेकराच्या गाडीत हीटर असतो. काढायचा नसतो, पण घरात आहे म्हणजे बरं.

म्हणून पुण्याला थंडीच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. १७ जानेवारी १९३५ रोजी इथं पारा १.७ अंशांवर उतरला होता, आणि तेव्हा जन्मालाही न आलेली माणसं त्या थंडीबद्दल अजून स्वतः कुडकुडल्यासारखी बोलतात. "आताची थंडी म्हणजे थट्टा हो!" असं म्हणत माकडटोपीची बटणं हनुवटीखाली लावतात आणि पर्वती चढायला निघतात. थंडी ही अंगावर घ्यायची गोष्ट आहे, खटका फिरवून घालवायची नव्हे, असा इथला शिरस्ता. तेरा वर्षांत आम्ही हीटर एकदाही लावला नव्हता.

पहिल्यांदा लावला तो मे महिन्यात. दुपारी दोन वाजता. खंबाटकी घाटात.

साताऱ्याला लग्न होतं. गाडीत मी, बायको, ब्याऐंशी वर्षांची आई आणि मांडीवर धरून न्यायचा एक काचेचा आहेर. पुण्याहून जाताना घाट चढावा लागतो. बोगदा आहे तो परत येणाऱ्यांसाठी. म्हणजे जाताना गाडी तापते आणि येताना, तिला काही होत नाही तेव्हा, सावली मिळते. दोन ट्रकांच्या मागून पहिल्या गिअरमध्ये रांगता रांगता माझं लक्ष तापमानाच्या सुईकडे गेलं. एरवी मध्याच्या जरा खाली डुलकी काढणारी सुई उठून उभी राहिली होती आणि लाल रेषेकडे बघत होती. मी गाडी कडेला घेतली. तिथं आधीच एक ट्रक तोंड वासून, म्हणजे केबिन पुढं कलंडून, उभा होता. त्याचा ड्रायव्हर तंबाखू मळत आमच्याकडे आला, खिडकीतून वाकून सुई बघितली आणि म्हणाला, "काका, बंद नका करू. हीटर लावा. फुल्ल."

मला वाटलं उन्हानं ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

"पंखा चारवर टाका आणि काचा उघडा," तो म्हणाला. "इंजिनची आग आत येऊ द्या की थोडी. सगळं तिनं एकटीनं सोसायचं का?"

आता हे मला नंतर कळलं, की तो माणूस शास्त्र बोलत होता. जुन्या चुलीला शेजारी वैल असायचा. जाळ चुलीत, आणि त्याची उरलीसुरली धग वैलावर. तिथं आमटी नाहीतर दूध निवांत गरम राहायचं. गाडीचा हीटर म्हणजे इंजिनाचा वैल. इंजिनात जे पेट्रोल जळतं त्यातला ढोबळमानानं एक तृतीयांश भाग गाडी ओढायच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि उरलेला एक तृतीयांश पाण्यात. ते तापलेलं पाणी पुढच्या जाळीत जाऊन थंड होतं, म्हणजे रेडिएटरमध्ये. पण वाटेत त्याचा एक छोटा फाटा डॅशबोर्डच्या मागं येतो. तिथं वहीएवढी आणखी एक जाळी असते. तिच्यावरून पंख्यानं वारा सोडला की झाला हीटर. मोठी जाळी दमली असेल तर ही धाकटी तेवढाच हात लावते. वेगळं इंधन नाही, वेगळा खर्च नाही. गाडीतलं हे एकमेव फुकटचं सुख आहे, आणि ते आपण पुण्यात राहून तेरा वर्षं वापरलं नाही, ह्याची मला मागाहून फार हळहळ वाटली.

तेव्हा मात्र हळहळायला उसंत नव्हती. मी खटका लालवर नेला. आधी तेरा वर्षांची धूळ आली, मग एक वाळलेलं पिंपळाचं पान, आणि मग भट्टीचं दार उघडावं तसा वारा. बायकोनं आहेर आणि मला एकाच नजरेनं बघितलं. काचेवर ठेवलेल्या मोगऱ्याच्या गजऱ्याचं पाच मिनिटांत निर्माल्य झालं. पण सुई खरोखरच दोन रेघा खाली आली, आणि आम्ही तसेच, घामानं निथळत, घाट चढून गेलो. तक्रार केली नाही ती एकट्या आईनं. वारा तिच्या पायांवर येत होता. वेळे गाव आलं तेव्हा तिनं पाय हलवून बघितले आणि म्हणाली, "गुडघे मोकळे झाले रे. डॉक्टरांच्या त्या शेकाच्या मशीननं नाही झाले इतके."

हे वाक्य पुढं मला फार महागात पडलं.

लग्नाहून आल्यावर गाडी उस्तादकडे नेली. (नाव सांगत नाही, गाडी अजून त्याच्याकडेच जाते.) उस्तादनं बोनेट उघडलं, टाकीचं झाकण काढून आत बोट घातलं, ते बोट माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "साहेब, पाणी कुठलं घालता?"

बोट विटकरी होतं. मी म्हणालो, "सोसायटीचं. बोअरचं."

"आणि कूलंट?"

कूलंटच्या बाटलीची किंमत मी एकदा विचारली होती आणि दुकानदाराशी संबंध तोडले होते. शेवटी पाणी ते पाणी, असं माझं मत. उस्तादनं ते ऐकून घेतलं आणि आमच्या बाथरूममधल्या गिझरची कॉइल किती वर्षं टिकते ते विचारलं. दोन वर्षं. "मग?" एवढंच म्हणून तो गाडीखाली गेला. बोअरच्या पाण्यातला क्षार गिझरला खातो तसाच जाळीच्या नळ्यांतही बसतो. कूलंट फक्त थंडीत गोठू नये म्हणून घालतात, हाही एक गैरसमज. कूलंट गंज धरू देत नाही आणि उकळायलाही उशीर लावतं. शिवाय हे सगळं दाबाखाली चालतं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचंच झाकण. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. त्या दाबामुळं आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, पार एकशेवीसच्या आसपास जाऊन उकळतं. म्हणून तापलेल्या गाडीचं झाकण उघडणारा आणि शिटी व्हायच्या आत कुकर उघडणारा ह्यांचं दुखणं एकच, वॉर्डही एकच.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. जाळी साफ, वॉटर पंप नवीन (उस्ताद त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतो), दोन होज पाइप, क्लिपा, हिरवंगार कूलंट. बिल वहीच्या पानावर. मी पुणेकर असल्यामुळं बदललेले जुने भाग मागून घेतले. त्यानं एका किराणा दुकानाच्या पिशवीत भरून दिले. गंजलेला पंप, चिरलेला पाइप, आणि पितळेचं अळंब्यासारखं एक काहीतरी. ते काय, हे मी विचारलं नाही. पिशवी माळ्यावर ठेवली. जुने भाग परत आणणं हा हक्काचा प्रश्न असतो, उपयोगाचा नसतो.

त्यानंतर गाडी अशी काही थंड चालू लागली की मी चारचौघांत सांगू लागलो. सुई जेमतेम पावभर वर यायची, हायवेवर तर तेवढीही नाही. "कूलंट घाला हो कूलंट," असं मी पार्किंगमध्ये लोकांना सुनावत असे. चार महिन्यांपूर्वी मी बोअरचं पाणी ओतत होतो हे त्यांना माहीत होतं, पण भले लोक आहेत. अॅव्हरेज मात्र दोन-अडीच किलोमीटरनं पडलं. त्याबद्दल मी पेट्रोल पंपावर संशय घेतला आणि पंप बदलला. मग परत बदलला.

डिसेंबर उजाडला आणि पेपरात दरवर्षीची बातमी आली: महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमकण. हा आमच्याकडचा हिमालय. पहाटे गवतावर, बोटींच्या फळ्यांवर आणि उघड्यावर उभ्या असलेल्या जीपच्या टपावर दवाचं पांढरं पीठ होतं, आणि ते बघायला माणसं पुण्या-मुंबईहून स्वेटरं घेऊन जातात. आईनं बातमी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "जाऊ या की. गाडीत ते खंबाटकीतलं आहेच."

पहाटे सहाला मुक्कामाच्या ठिकाणाहून निघालो. गाडीच्या काचा आतून-बाहेरून पांढऱ्या. आई पुढच्या सीटवर, अंगावर शाल, शालीवर घोंगडी, गुडघे हीटरच्या तोंडासमोर नेमके लावून. मी इंजिन थोडं तापू दिलं आणि मोठ्या ऐटीत खटका लालवर फिरवला.

वारा आला. आत्ताच फ्रिजमधून काढल्यासारखा.

"तापेल हळूहळू," मी म्हणालो.

दोन किलोमीटर गेलो. तापला नाही. उलट डॅशबोर्डच्या मागून कुणीतरी सकाळच्या गुळण्या कराव्यात तसा आवाज येऊ लागला. चढावर गुळगुळ, उतारावर खळखळ. काचेवर चौघांच्या उच्छ्वासाचा (भाचाही आला होता) पडदा धरला. बायको पुढं वाकून माझ्यासमोरची काच मफलरनं पुसायची, तेवढ्या भोकातून मी रस्ता बघायचो. आमच्या काळात आगबोटीला असं गोल भोक असायचं, असं आई म्हणाली. तिचा आवाज शालीतून येत होता. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अरे, तू एसी तर नाही ना लावलास?"

(खरं तर लावायला हवा होता. काच पुसायला एसी आणि हीटर एकदम लावायचे असतात, एसी हवेतला ओलावा काढतो. पण त्या क्षणी गाडीत 'एसी' हा शब्द उच्चारायची माझी छाती नव्हती.)

हिमकण बघितले. म्हणजे एका जीपचं टप बघितलं. त्याच्याभोवती तीसेक माणसं मोबाइल धरून उभी होती आणि त्यांच्या श्वासांनी ते वितळत होतं.

पुण्यात आल्यावर गाडीतला बिघाड हा घरगुती प्रश्न राहिला नाही. रविवारी सकाळी मी बोनेट उघडलं आणि दहा मिनिटांत सोसायटी जमली. आपल्याकडे उघडं बोनेट हे निमंत्रणपत्रिकेसारखं असतं; वाचून न जाणं अशिष्ट. बी विंगमधल्या आयटीवाल्या मुलानं मिनेसोटातल्या कुणाचा तरी व्हिडिओ लावला. तिथं उणे पंचवीस अंशांत हीटर बंद पडला की माणसं खरोखर जिवाला भितात, आणि तो व्हिडिओतला माणूस आईच्या गुडघ्यांच्या मानानं बराच शांत वाटला. त्याच मुलानं हीटरचा इतिहासही काढला: १८९३ साली शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स बाईंनी 'कार हीटर'चं पेटंट घेतलं. त्यावर कुणी तरी "बघा, बाईच होती!" म्हणून माझ्या बायकोकडे बघितलं. ती 'कार' म्हणजे आगगाडीचा डबा होता, हे मी पुढं वाचलं. पण तोवर आमच्या सोसायटीत त्या बाईंचं नाव झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नेहमीप्रमाणे "विका आणि इलेक्ट्रिक घ्या" हे सुचवलं. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाची धगच नसते, तिचा हीटर बॅटरीवर चालतो आणि गाडी तेवढी कमी पळते. म्हणजे वैल नाही, वेगळा गॅसच पेटवायचा. मी ते सांगितलं. इतक्या तत्परतेनं आपण उत्तर देऊ शकतो हे बघून मलाच बरं वाटलं.

खरा माणूस निघाला तो तळमजल्यावरचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, हातात दुधाची पिशवी. त्यांनी विचारलं, "आवाज कसला येतो म्हणालात?"

"गुळगुळ."

"मग पाइपलाइनीत हवा अडकलीय. आमच्याकडे टेकाडावरून लाइन नेली की वरच्या टोकाला एअर व्हॉल्व्ह द्यावाच लागतो. नाही दिला तर हवा तिथं बसते आणि पाणी पुढं सरकत नाही. इथं टेकाड कुठं आहे?"

टेकाड म्हणजे हीटरची जाळी. बहुतेक गाड्यांत तीच सगळ्या पाण्याच्या वाटेतली उंच जागा असते. दुरुस्तीसाठी पाणी काढलं, परत भरलं, की हवेचा बुडबुडा वर चढून तिथं मुक्काम करतो. इंजिनाला त्याचा फारसा त्रास नाही. उपाशी राहतो तो हीटर. त्यांनी मला इंजिन चालू करायला लावलं, थोडं तापू दिलं आणि इंजिनामागच्या भिंतीतून आत जाणाऱ्या दोन पाइपांवर हात ठेवायला सांगितला. "सांभाळून, पंख्यापासून लांब." एक पाइप चटका बसण्याइतका गरम. दुसरा माठासारखा गार. "बघा," ते म्हणाले. "दोन्ही गरम असते तर तुमच्या खटक्याचा नाहीतर आतल्या झडपेचा दोष. दोन्ही गार असते तर पाणी तरी कमी, नाहीतर पंप तरी गेला, नाहीतर आणखी काही. एक गरम, एक गार म्हणजे पाणी आत जातंय पण बाहेर येत नाही." दुधाची पिशवी त्यांनी बॅटरीवर ठेवली होती. सोसायटीत तीस वर्षं हा माणूस पाण्याच्या टाकीवरून सगळ्यांशी भांडत आला. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी त्यांचं ऐकून घेतलं.

हवा काढायला गाडीचं नाक वर पाहिजे. पुण्यात सपाट जागा मिळत नाही तशी चढाची जागाही हवी तेव्हा मिळत नाही. शेवटी तळघरातल्या पार्किंगचा उतार धरला. गाडी गार झाल्यावर तिथं नाक वर करून उभी केली, हँडब्रेक, चाकांमागं विटा, वर वॉचमनला उभा केला की कुणी आत येऊ नये. झाकण उघडं. हीटर लालवर. इंजिन चालू. आणि मग वाट बघायची.

ही वाट बघण्यात एक मजा आहे, जी मी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. हिरवं पाणी तोंडाशी थरथरत असतं. काहीच होत नाही. मी वरचा जाड पाइप फडक्यात धरून हळूहळू दाबत होतो, गाईच्या सडासारखा. मग आतून एक बुडबुडा आला, चिंचोक्याएवढा. मग दोन. मग एकदम बोराएवढा, 'डुब्' करून, आणि पाणी सर्रकन वीतभर खाली गेलं. "घाला, घाला!" पाटबंधारे ओरडले. मी कूलंट ओतलं. परत डुब्. परत ओतलं. जवळजवळ लिटरभर हिरवं पाणी त्या गाडीनं पोटात घेतलं, आणि शेवटी डॅशबोर्डच्या मागून एक मोठी, समाधानाची ढेकर आली. आत बसलेला भाचा ओरडला, "गरम! मामा, गरम!" वॉचमननंसुद्धा टाळ्या वाजवल्या.

आईला लगेच खाली आणली. पाय शेकले. सगळं खरं ठरलं. मग मी जरा चक्कर मारू म्हणून तिला हायवेवर नेलं, आणि चांदणी चौक ओलांडेपर्यंत वारा कोमट झाला, पाषाणच्या उताराला गार. घरी येऊन उभी केली की परत गरम.

उभी असताना गरम, पळताना गार. पाटबंधाऱ्यांनी ह्याला हात टेकले. "आमचे कालवे एका जागी असायचे," ते म्हणाले.

मी उस्तादकडे गेलो. त्यानं सुईकडे बघितलं, जिचं मी सहा महिने कौतुक करत होतो, आणि जराही न ओशाळता म्हणाला, "थर्मोस्टॅट नाहीये ना. मी काढलाय."

"काढलाय?"

"जॅम होता. तुमची गाडी त्यानंच तापली होती. नवीन त्या दिवशी मिळाला नाही. आणि आपल्याकडे लागतो कुठं साहेब? हीटर कोण वापरतं पुण्यात?"

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि मोठी जाळी ह्यांच्यामधला दरवान. त्याच्या पोटात मेणाची गोळी असते. पाणी गार असेपर्यंत मेण घट्ट आणि दार बंद. पाणी आतल्या आतच फिरतं आणि झटपट तापतं. ब्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी अंशांच्या सुमारास मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, दार उघडतं. हा दरवानच काढून टाकला की पाणी सदा न कदा जाळीत. गाडी पळू लागली आणि समोरून वारा लागला की तापायचं नावच नाही. इंजिनाला वाटतं, आपण आत्ताच सकाळी उठलोय. म्हणून ते पेट्रोल जास्त पितं. माझा थंड गाडीचा अभिमान, ते अॅव्हरेज आणि दोन्ही पेट्रोल पंप, सगळं एका क्षणात सुटं झालं. आणि तो काढलेला थर्मोस्टॅट? "तुम्हीच नेला की. पिशवीत."

पितळेचं अळंबं.

ते माळ्यावरून काढलं. उस्ताद म्हणतो म्हणून विश्वास ठेवायचा का? एका जुन्या पद्धतीनं पारख करता येते. झडपेच्या फटीत दोरा अडकवायचा, थर्मोस्टॅट पाण्यात लोंबकळत ठेवायचा आणि पाणी तापवायचं. झडप उघडली की दोरा सुटतो आणि तो बुडाशी पडतो. मी चहाचं पातेलं घेतलं. दोरा वातीचा. आईच्या तापाच्या थर्मामीटरवर बेचाळीसच्या पुढं आकडेच नव्हते, म्हणून बायकोनं टाळेबंदीत केकसाठी आणलेला सुईचा थर्मामीटर घेतला. बायको दारात उभी राहून बघत होती. पातेल्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि तिचं काही न बोलणं मी ओळखतो. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. पाणी खदखदायला लागलं तरी अळंबं दोऱ्याला हटवाद्यासारखं लटकून. उस्ताद खरं बोलला होता. आईनं मान उंचावून पातेल्यात बघितलं आणि विचारलं, "शिजलं का?"

नवीन आणायला नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्टच्या त्या गल्लीतल्या पहिल्या तीन दुकानांत "नाही" आणि चौथ्यात "कशाला?" असं उत्तर मिळालं. "लोक काढायला येतात साहेब, लावायला कोण येत नाही," असं म्हणत त्या माणसानं शिडी लावली, वरच्या फळीवरून धुळीनं माखलेला खोका काढला, त्यावर फुंकर मारली आणि मला विचारलं, "ब्याऐंशीचा की अठ्ठ्याऐंशीचा?" मी खिशातून जुना काढला. त्याच्या पितळेवर ८२ असा आकडा ठोकलेला होता; तेरा वर्षांनंतर आणि एका उकळीनंतरही तो स्पष्ट होता. किंमत ऐकून घासाघीस करायचंही सुचलं नाही. ज्या वस्तूपायी सहा महिने पेट्रोल जास्त जाळलं, तिची किंमत दोन माणसांच्या मिसळीपेक्षा थोडी जास्त.

नव्याचीही चहाच्या पातेल्यात परीक्षा घेतली. ब्याऐंशीला काही नाही. त्र्याऐंशीला दोरा सैल झाला आणि 'टण्ण' करून तो बुडाशी पडला. आईनं हात जोडले. (हे पातेलं आता माझंच आहे. चहा दुसऱ्यात होतो.)

उस्तादनं तो बसवला, पण त्याच्या सवडीनं. थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक असतं आणि त्यात सैल टाचणी; ती वरच्या अंगाला यावी लागते, म्हणजे अडकलेली हवा तिथून निसटते. ती वर आहे ना, हे मी दोनदा विचारलं. उस्तादनं माझ्याकडे असं बघितलं, की मीही कधी काळी बँकेत असताना रांगेतल्या माणसाकडे तसंच बघितलं असेन. परत नाक वर, परत बुडबुडे. सुई आली ती बरोबर मध्याच्या जरा खाली येऊन बसली. गाडी घेऊन हायवेवर गेलो. हीटर गरम, पळतानासुद्धा.

तो दिवस धुळवडीचा होता. होळी जळाली, थंडी पळाली. बाहेर पस्तीस अंश. तरी आई खाली आली, पुढच्या सीटवर बसली, काचा वर करायला लावल्या आणि वीस मिनिटं गुडघे शेकले. आम्ही बाकीचे रंगलेल्या तोंडांनी बाहेर सावलीत उभे. पाटबंधाऱ्यांनी काचेवर टकटक करून तिला विचारलं, "कसं काय?" तिनं आतून अंगठा दाखवला. ही खूण तिला भाच्यानं शिकवलीय.

मे महिन्यात परत साताऱ्याला निघालो, ह्या वेळी बारशाला. खंबाटकीत ट्रकांच्या मागं रांगत होतो, सुई जागची हलली नाही. अर्ध्या घाटात एक गाडी कडेला उभी होती. बोनेटच्या फटीतून वाफ, माझ्याच वयाचा एक गृहस्थ स्टिअरिंगला धरून बसलेला, मागं बायको आणि मांडीवर काचेचा आहेर. मी थांबलो. मोठ्या अधिकारानं खिडकीत वाकलो आणि म्हणालो, "हीटर लावा. फुल्ल."

"लावलाय हो," ते म्हणाले. "गार वारा येतोय."

सुई लाल रेषेच्या पलीकडे आणि हीटर गार. म्हणजे आत पाणीच नाही. जाळीत येणार काय आणि तापणार काय. मी हात घालून किल्ली फिरवली, गाडी बंद केली. झाकणाला अर्धा तास हात लावू नका म्हणालो, आणि आमच्या डिकीतला पाण्याचा कॅन आणायला वळलो.

"सहा महिन्यांपूर्वी सगळं काम करून घेतलंय," ते मागून सांगत होते. "जाळी, वॉटर बॉडी, सगळं नवीन. तेव्हापासून हीटर असाच. मी म्हटलं, जाऊ दे. हीटर कोण वापरतं पुण्यात?"

आई तोवर गाडीतून उतरली होती आणि त्या बाईंना आपले गुडघे दाखवत होती.